व्लॉगिंगसाठी कॅमेरा अपग्रेड करताय? आधी उजेडाचं हे गणित करून बघा

"बजेट ६०-७० हजार आहे, व्लॉगिंगसाठी कुठला कॅमेरा घेऊ?" हे मला जवळजवळ प्रत्येक नवीन चॅनलवाला विचारतो, कारण माझं काम एडिटिंगचं आणि रेसिपीवाले, गडकिल्लेवाले, गावाकडचं रोजचं आयुष्य दाखवणारे अशा सगळ्यांच्या फायली माझ्याकडे येतात. मी लगेच मॉडेलचं नाव सांगत नाही. नवीन कॅमेरा घेतल्यावर ज्या फायली येतात त्यातल्या बऱ्याच आधीच्या फोनवाल्या फायलींपेक्षा फार काही चांगल्या नसतात, काही तर चक्क वाईट असतात, आणि मग तो माणूस मलाच विचारतो की दादा कलर करून जरा सुधारता येईल का. ६० हजार ही छोटी रक्कम नाहीये, कुणी ती पगारातून थोडी थोडी बाजूला काढलेली असते, कुणी ईएमआयवर घेतलेली असते, म्हणून हे असं का होतं ते जरा मुळापासून सांगतो.

आधी एक करा. तुमचा शेवटचा व्हिडिओ टीव्हीवर लावा आणि घरातल्या अशा माणसाला बघायला बसवा ज्याला तुमच्या चॅनलचं फार कौतुक नाही, आणि तो कुठे कंटाळून रिमोटकडे हात नेतो ते बघा. बहुतेक वेळा ती जागा आवाजाची असते. चित्र थोडं मऊ असलं, थोडं अंधारलेलं असलं तरी लोक बघत राहतात पण बोलणं घुमायला लागलं, पंख्याची घरघर आली किंवा वाऱ्याचा फडफडाट सुरू झाला की पुढे ढकलतात. आणि नवीन कॅमेरा घेऊन हे सुटतच नाही, कारण कॅमेऱ्याचा आतला माईकसुद्धा तुमच्या तोंडापासून तेवढाच लांब असणार आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाजाची तीव्रता चौथाईवर येते, म्हणजे ओट्यासमोर दीड मीटरवर ट्रायपॉडवर ठेवलेला कॅमेरा आणि कॉलरला २० सेंटीमीटरवर लावलेला माईक यात ५० पटींहून जास्त फरक पडतो, आणि भिंतींवरून परत येणारा आवाज मात्र दोन्हीकडे जवळपास सारखाच पोचतो, त्यालाच आपण घुमणं म्हणतो.

म्हणून पहिला खर्च माईकचा. बोया कंपनीचा बीवाय-एम१ हा वायरवाला कॉलर माईक हजाराच्या आसपास मिळतो, त्याची वायर ६ मीटर आहे, किचनमध्ये बसून-उभं राहून बोलणाऱ्याला तो खरंच पुरतो. फोनऐवजी कॅमेऱ्याला लावताना त्यावरचं छोटं बटण कॅमेऱ्याच्या बाजूला सरकवायचं आणि आत बटणसेल आहे का ते बघायचं, नाहीतर अख्खा व्हिडिओ मुका येतो. फिरत शूट करणाऱ्यांनी वायरलेस घ्या, आणि गडावर जाणाऱ्यांनी त्यावर तो केसाळ फर असलेला कव्हर लावाच. राजगडच्या बालेकिल्ल्यावर किंवा हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर वारा असतो तेव्हा नुसता स्पंज काही कामाचा नाही, वाऱ्याचा धक्का थेट माईकवर बसतो, आवाज वरच्या मर्यादेला जाऊन फाटतो, आणि एकदा फाटलेला आवाज कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये नीट परत येत नाही. मी रोज हेच करतो म्हणून सांगतोय.

इथेच कॅमेरा निवडण्याची पहिली अट पण येते, माईकचा जॅक हवा. दुकानात "सुरुवातीला हा बेस्ट" म्हणून जो कॅनन १५००डी पुढे करतात त्याला बाहेरचा माईक लावायची सोयच नाही, स्क्रीन पण पुढे वळत नाही. निकॉन डी३५०० चं पण तसंच. फोटोसाठी दोन्ही चांगले आहेत, कुणाला फोटोग्राफी शिकायची असेल तर जरूर घ्यावेत, पण स्वतःला शूट करत बोलणाऱ्याने हे कॅमेरे घेऊ नयेत, स्वस्तात मिळाले तरी नाही.

आता उजेडाचं. हे जरा सावकाश वाचा कारण पैसे इथेच वाया जातात.

कॅमेरा म्हणजे उजेड गोळा करायचं यंत्र. उजेड जास्त मिळाला तर चित्र स्वच्छ, कमी मिळाला की कॅमेरा तो आतून वाढवतो आणि त्याबरोबर ते रवाळ दाणे येतात ज्याला आपण नॉइज म्हणतो, सावलीतले काळे भाग घाणेरडे दिसतात आणि चेहऱ्याची कातडी मेणासारखी. किती उजेड गोळा होणार हे दोन गोष्टींवर ठरतं, सेन्सर, म्हणजे लेन्सच्या मागची उजेड टिपणारी चिप, किती मोठा आणि लेन्सचं तोंड किती उघडतं. पावसात अंगणात परात ठेवली तर वाटीपेक्षा जास्त पाणी साठणार हे उघड आहे, पण त्या परातीवर कुणी चाळणी धरली तर वाटीसुद्धा पुढे जाऊ शकते. सेन्सर म्हणजे परात, आणि लेन्सवर जो एफ आकडा लिहिलेला असतो तो ती चाळणी किती बारीक ते सांगतो, आकडा जितका मोठा तितका उजेड कमी, आणि कमी पण साधा नाही, वर्गाने. एफ १.८ पासून एफ ३.५ ला गेलात की आकडा दुप्पट वाटतो पण उजेड जवळजवळ चौथाई होतो.

दुकानदार आणि जाहिराती फक्त परात दाखवतात. "सर, एपीएस-सी सेन्सर आहे, मोबाईलपेक्षा कितीतरी मोठा." खरं आहे. सोनी आणि निकॉनचा एपीएस-सी सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६ मिमी, म्हणजे ३६६ चौरस मिमीच्या आसपास. कॅननचा थोडा लहान, ३३२ च्या आसपास. एक इंची म्हणतात तो सेन्सर प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिमी, म्हणजे ११६. महागड्या फोनच्या मागच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण ७२, मध्यम किमतीच्या चांगल्या फोनचा ५०, आणि सेल्फी कॅमेऱ्याचा बऱ्याच फोनमध्ये फक्त १५-२०.

आता एक साधा हिशोब करा. सेन्सरचं क्षेत्रफळ घ्या आणि त्याला एफ आकड्याच्या वर्गाने भागा. जे उत्तर येईल ते शटर स्पीड, म्हणजे प्रत्येक फ्रेमसाठी उजेड आत घ्यायचा वेळ, सारखा असताना एकूण किती उजेड गोळा होतो याचा बऱ्यापैकी खरा अंदाज देतं. महागड्या फोनचा मागचा कॅमेरा एफ १.८ ला, ७२ भागिले ३.२४, उत्तर २२. सेल्फी कॅमेरा एफ २.२ ला, उत्तर साडेतीनच्या आसपास. सोनी झेडव्ही-ई१० किंवा निकॉन झेड३०, त्यासोबत येणारी १६-५० मिमीची किट लेन्स पूर्ण वाइडला, म्हणजे अजिबात झूम न करता, एफ ३.५ असते, ३६६ भागिले १२.२५, उत्तर ३०. कॅनन आर५० ची १८-४५ मिमीची किट लेन्स वाइडलाच एफ ४.५ आहे, तिचं उत्तर १६.

परत बघा. फोन २२, सोनी ३०, कॅनन १६. म्हणजे संध्याकाळी घरात ट्यूबलाइटखाली, किट लेन्स लावलेला ६०-७० हजारांचा कॅमेरा आणि एक चांगला फोन जवळपास बरोबरीत आहेत, आणि फोनमध्ये वरून इतकी प्रोसेसिंग असते की तो नॉइज पुसून उजळ, गोड चित्र देतो, त्यामुळे घरच्यांना फोनचाच व्हिडिओ आवडतो. पूर्ण झूम केलंत तर सोनीच्या किट लेन्सचा आकडा एफ ५.६ वर जातो, निकॉन आणि कॅननचा ६.३ वर, आणि उत्तर ८ ते १२ च्या आसपास येतं, सरळ फोनच्या निम्मं. हा मुद्दा मला प्रत्येक खरेदी करणाऱ्याच्या कानावर घालावासा वाटतो, कारण यात कॅमेऱ्याची काहीच चूक नाही, बॉडी उत्तम आहे, लेन्स अडवतेय.

आता त्याच सोनीवर सिग्माची १६ मिमी एफ १.४ लेन्स लावा, उत्तर १८७. निकॉनवर त्यांचीच २४ मिमी एफ १.७ लावा, १२७ च्या आसपास. आर५० वर कॅननची १६ मिमी एफ २.८ ही छोटी लेन्स लावा, ४२. फोनचे २२ आणि हे १८७, हा फरक कुणालाही दिसतो, मागची भांडी, भिंत सगळं मऊ होऊन चेहरा उठून येतो आणि रात्रीच्या बाजारातसुद्धा कातडी कातडीसारखी दिसते. म्हणून ७० हजार असतील तर ७० हजारांचा कॅमेरा घेऊ नका. बॉडी जुनी किंवा सेकंडहँड घ्या, आणि उरलेल्यात एक मोठ्या तोंडाची फिक्स, म्हणजे झूम न होणारी लेन्स, माईक आणि कार्ड बसवा. बॉडी दोन-चार वर्षांत जुनी होते, लेन्स पुढच्या बॉडीवर पण चालते, फक्त पुढची बॉडी त्याच माउंटची, म्हणजे लेन्स बसवायच्या त्याच खाचेची, घ्यायची.

या हिशोबाचा अजून एक फुकटचा फायदा आहे. बहुतेक लोक स्वतःला बघता यावं म्हणून सेल्फी कॅमेऱ्याने शूट करतात, म्हणजे ३.५ वर काम करतात, आणि खिशात २२ वाला पडलेला असतो. फोन उलटा करून मागच्या कॅमेऱ्याने शूट केलं तर उजेड सहा पट वाढला, एक रुपया न घालता. फ्रेम दिसत नाही ही अडचण खरी आहे, पण ट्रायपॉडवर असेल तर फोनच्या मागे छोटा आरसा टेकवून काम भागतं. आणि घरात बसून शूट करणाऱ्यांनी कॅमेऱ्याआधी खिडकी बघा, दुपारी खिडकीकडे तोंड करून बसलं की जो उजेड चेहऱ्यावर पडतो त्यापुढे ट्यूबलाइट काहीच नाही. संध्याकाळीच वेळ मिळत असेल तर एक एलईडी पॅनल घ्या आणि त्यापुढे पांढरं पातळ कापड लावा. खोलीतला उजेड चौपट केलात तर वरच्या सगळ्या उत्तरांना चारने गुणा, तेच काम लेन्सने करायला जास्त पैसे लागतात. फक्त बाहेर, रस्त्यावर, देवळात, जत्रेत हे चालत नाही, तिथे लेन्सच लागते.

आणि भर दिवसा बाहेर शूट करणारे? त्यांना या हिशोबाची गरजच नाही. शेतात, गडावर, समुद्रावर सकाळी १० ते ५ इतका उजेड असतो की फोन पण सुंदर चित्र देतो. त्यांचं खरं दुखणं दुसरं असतं.

ते म्हणजे हाताचं अंतर. हात सरळ पुढे करा, कॅमेरा तुमच्या चेहऱ्यापासून ६०-६५ सेंटीमीटरवर असतो, त्याहून लांब नाही जात. तेवढ्या अंतरावरून चेहरा, खांदे आणि मागचा किल्ला किंवा आजूबाजूची माणसं यायची असतील तर लेन्स भरपूर वाइड हवी, आणि मिमीचा आकडा जितका लहान तितकी ती वाइड. पण लेन्सवर लिहिलेला आकडा एपीएस-सी वर तसाच धरायचा नसतो, तो मोठ्या फुल फ्रेम सेन्सरच्या हिशोबात आणायला सोनी-निकॉनसाठी त्याला १.५ ने आणि कॅननसाठी १.६ ने गुणायचं. १६ मिमीची लेन्स २४ सारखी दिसते, कॅननची १८ ची जवळपास २९ सारखी. २४ ला हातात धरून बोलणं कसंबसं जमतं, २९ ला चेहऱ्यानेच फ्रेम भरते आणि मागचा तोरणा दिसतच नाही. झेडव्ही-ई१० मध्ये ४के, सेकंदाला ३० फ्रेमला चित्र अजून १.२३ पट कापलं जातं, म्हणजे तुमची २४ वाली लेन्स साडे २९ झाली, आणि त्यावर चालताना हलू नये म्हणून डिजिटल स्टॅबिलायझेशन चालू केलंत की अजून कापणार. हे कापणं बॉक्सवर ठळक लिहिलेलं नसतं. २४ फ्रेमला ४के केलं तर ते कापत नाही, आर५० आणि झेड३० ३० फ्रेमला पण पूर्ण सेन्सर वापरतात. ५० मिमी एफ १.८ ही स्वस्त आणि फार लोकप्रिय लेन्स आहे, उजेडाच्या हिशोबात तर एकदम भारी, पण कॅनन एपीएस-सी वर ती ८० सारखी दिसते, हातात धरून व्लॉग करायला ती अजिबात घेऊ नका, ती समोर बसलेल्या दुसऱ्या माणसाच्या मुलाखतीसाठी घ्या.

चालताना हलणं हा पुढचा प्रश्न. या बजेटमधल्या तिन्ही कॅमेऱ्यांच्या, म्हणजे झेडव्ही-ई१०, झेड३० आणि आर५० च्या बॉडीत सेन्सर हलवून स्थिर करायची यंत्रणा नाहीये. किट लेन्समध्ये थोडी असते, ती उभं राहून बोलताना हाताची थरथर थांबवते, पण चालताना पावलागणिक बसणारा धक्का तिला झेपत नाही. मोठ्या तोंडाच्या बऱ्याचशा फिक्स लेन्समध्ये, वर सांगितलेल्या तिन्हीत सुद्धा, तीही नसते. डिजिटल स्टॅबिलायझेशन उन्हात चांगलं चालतं पण संध्याकाळी शटर हळू असतं, प्रत्येक फ्रेममध्ये हलण्याचा पुसटपणा आधीच चिकटलेला असतो, मग फ्रेम जागेवर राहते आणि चित्र आतल्या आत थरथरतं, बघणाऱ्याला गरगरतं. झेडव्ही-ई१० पटकन फिरवला तर ४के मध्ये खांब-इमारती पण तिरक्या होतात, कारण सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो आणि याचा वाचण्याचा वेग कमी आहे. हे एडिटमध्ये दुरुस्त होत नाही म्हटलं तरी चालेल.

म्हणून चालत-चालत बोलणाऱ्यांसाठी माझं मत स्पष्ट आहे, डीजेआय ऑस्मो पॉकेट ३ बघा. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आलेला हा १७९ ग्रॅमचा कॅमेरा आहे, त्यात लेन्सच छोट्या मोटरच्या गिंबलवर बसवलेली आहे त्यामुळे हलणं चित्र कापून नाही तर लेन्स खरोखर फिरवून थांबवलं जातं, सेन्सर एक इंची, एफ २, २० मिमीसारखी वाइड. आपला हिशोब लावा, ११६ भागिले ४, उत्तर २९. म्हणजे किट लेन्सवाल्या सोनीएवढाच उजेड, त्यात वाइड जास्त आणि शटर हळू ठेवलं तरी चालताना थरथर नाही. गावच्या घरातून गोठ्यात, गोठ्यातून शेतावर असा एका शॉटमध्ये फिरणारा व्लॉग असेल तर ६० हजारांच्या मोठ्या कॅमेऱ्यापेक्षा हा जास्त कामाचा. तोटे पण ऐका, पाण्यात चालत नाही, लेन्स बदलता येत नाही, साधा ३.५ मिमीचा माईक जॅक नाही, त्याला डीजेआयचाच वायरलेस माईक थेट जोडता येतो किंवा अडॅप्टर लागतो, आणि तो गिंबल नाजूक आहे, खिशात टाकून पडला तर दुरुस्ती सोपी नाही.

पावसाळी ट्रेक, धबधबे, बाईक, होडी, वारीत भर पावसात चालणं, यासाठी ॲक्शन कॅमेरा. गोप्रो हिरो १२ वेगळं कव्हर न लावता १० मीटर पाण्यात जातो, डीजेआय ऑस्मो ॲक्शन ४ तर १८ मीटर. पण गोप्रोचा सेन्सर लहान आणि एफ २.५, हिशोबात ५ च्या आसपास, म्हणून त्याच्याकडून संध्याकाळच्या शेकोटीच्या व्हिडिओची अपेक्षा करू नका. दिवसा मात्र तो कुठेही लावा, कसाही आपटा.

रेसिपी, मुलाखती, बसून बोलणं, पुस्तकं, शिकवणी, हे करणाऱ्यांना मात्र मी लेन्स बदलता येणारा कॅमेराच सांगेन. इथे ऑटोफोकस फार महत्त्वाचा. फोडणी द्यायच्या वेळी काय होतं बघा, कढईतून वाफ येते, मोहरी तडतडते, हात चेहऱ्यासमोरून जातो, मग तुम्ही डाव उचलून कॅमेऱ्याजवळ नेऊन रंग दाखवता, आणि या चार सेकंदांत फोकसने चेहरा सोडून डावावर यायचं आणि परत चेहऱ्यावर जायचं असतं. तिन्ही कॅमेऱ्यांत फेज डिटेक्ट फोकस आहे, लेन्स कुठल्या दिशेला फिरवायची हे त्याला लगेच कळतं. सोनीच्या झेडव्ही मालिकेत तर यासाठी प्रॉडक्ट शोकेस नावाचं बटणच दिलंय, वस्तू पुढे आणली की फोकस तिच्यावर. झेडव्ही-१एफ मात्र जुन्या कॉन्ट्रास्ट पद्धतीचा आहे, पुढे-मागे चाचपडत फोकस शोधतो, एकटं उभं राहून बोलायला ठीक आहे पण वाफेत तो गोंधळतो, रेसिपीवाल्यांनी टाळा.

तिघांतला कुठला? झेडव्ही-ई१० २०२१ चा आहे, तिघांत जुना, पण त्याच्यासाठी लेन्स सगळ्यात जास्त मिळतात, सेकंडहँड पण, आणि त्याला हेडफोनचा जॅक आहे, बाकी दोघांना नाही. एकट्याने शूट करणाऱ्याला रेकॉर्डिंग चालू असताना आवाज ऐकता येणं ही फार मोठी सोय आहे. झेड३० २०२२ चा, हातात पकड छान बसते, पुढच्या बाजूला रेकॉर्डिंगचा लाल दिवा आहे. आर५० २०२३ चा, ४के सगळ्यात धारदार, कातडीचा रंग कॅमेऱ्यातूनच छान येतो, ज्यांना कलर करायचं नाहीये त्यांच्यासाठी चांगला, पण त्याच्या किटचा १६ हा आकडा विसरू नका, लेन्सचे पैसे आधी बाजूला काढा. माझ्याकडून विचाराल तर बसून शूट करणाऱ्याने सेकंडहँड झेडव्ही-ई१० आणि सिग्मा १६ मिमी ही जोडी बघावी. लेन्स ४०० ग्रॅमची आहे, ३४३ ग्रॅमच्या बॉडीपेक्षा जड, म्हणून हातात नाही, ट्रायपॉडवर.

घरात आधीच कॅनन २००डी मार्क २ किंवा एम५० असेल तर विकायची घाई करू नका. त्यांचं ४के खरंच कामाचं नाही, चित्र खूप कापलं जातं आणि कॅननचा चांगला ड्युअल पिक्सेल ऑटोफोकस बंद होतो, पण फुल एचडीमध्ये तोच फोकस आजही मस्त चालतो, स्क्रीन वळते, माईकचा जॅक आहे. त्यांना एक वाइड फिक्स लेन्स आणि माईक द्या आणि दोन वर्षं काढा. तुमचा प्रेक्षक मोबाईलवर बघतोय, चांगलं फुल एचडी त्याला पुरतं.

४के घ्यायचंच असेल तर पुढचा खर्च धरा. १०० एमबीपीएसला, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिटने रेकॉर्ड केलं तर, तासाला ४५ जीबी जागा जाते, ६४ जीबीच्या कार्डात दीड तास पण बसत नाही. कार्डवर व्ही३० लिहिलेलं बघा, म्हणजे सेकंदाला किमान ३० एमबी लिहिण्याची हमी, तेवढं पुरतं, त्याहून महाग नको, पण ओळखीच्या दुकानातून घ्या कारण नकली कार्डं खूप आहेत. आणि लॅपटॉप जुना असेल तर आधी कुणाच्या तरी कॅमेऱ्याची ४के फाइल त्यात उघडून बघा, एच.२६५ या जास्त दाबून साठवायच्या पद्धतीच्या १०-बिट फायली भल्याभल्या लॅपटॉपला अडकवतात. एडिटलाच बसवत नसेल तर त्या ४के चा उपयोग काय.

एक सेटिंग सांगतो जे नवीन कॅमेरा आल्या दिवशी करायचं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि बरेचसे एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, डोळ्याला दिसत नाही पण व्हिडिओत मागच्या भिंतीवर काळसर पट्टे सरकताना दिसतात. शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवा, पट्टे बहुतेक जातात. कॅमेऱ्यात पाल आणि एनटीएससी असा पर्याय असेल तर पाल निवडा, म्हणजे २५ आणि ५० फ्रेम मिळतात आणि सगळं जुळतं. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींनी उलट करायचं, तिथे वीज ६० हर्ट्झची, शटर १/६०. उन्हात १/५० ठेवलं तर चित्र पांढरं पडतं, तिथे लेन्सवर एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळसर काच, लावा किंवा सरळ शटर वाढवा, व्लॉगला चालतं.

आता प्रत्यक्ष खरेदी. मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात गेलात तर एकाच कॅमेऱ्याचे दोन भाव ऐकायला मिळतील, एक बिलाचा आणि एक बिनबिलाचा. फरक मोहाचा असतो पण बिनबिलाच्या पेटीवर भारतातली वॉरंटी नसते, आणि मदरबोर्ड गेला तर वाचवलेले पैसे तिथेच जातात. बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या. चॅनल व्यवसाय म्हणून नोंदवलेलं असेल, जीएसटी नंबर असेल तर तो बिलावर टाकायला सांगा, कॅमेऱ्यावरचा कर क्रेडिटमध्ये मिळू शकतो, तुमच्या सीएला विचारून घ्या.

सेकंडहँड घेताना लोक शटर काउंट, म्हणजे आजवर किती फोटो काढले तो आकडा, विचारतात, तो फोटोवाल्यांसाठी. तुम्ही दुसरं बघा. स्क्रीन पन्नासदा उघडून मिटलेली असते, ती उघडताना वळवताना चित्र लुकलुकतं का बघा. तुमचा स्वतःचा माईक घेऊन जा, जॅकमध्ये लावून वायर हळू हलवा, खरखर आली तर नको, तो जॅक सैल झालाय. लेन्सला झाकण लावून एक मिनिट काळा व्हिडिओ रेकॉर्ड करा आणि लॅपटॉपवर मोठा करून बघा, रंगीत ठिपके एकाच जागी दिसले तर ते पिक्सेल बिघडलेत. मग पांढऱ्या भिंतीवर लेन्स एफ १६ ला नेऊन एक फोटो काढा, राखाडी डाग दिसले तर सेन्सरवर धूळ आहे, ती साफ होते, पण खाचेसारखी रेघ दिसली तर ओरखडा आहे, तो जात नाही. ४के रेकॉर्डिंग चालू ठेवून २० मिनिटं विकणाऱ्याशी गप्पा मारा, गरम होऊन बंद पडतोय का ते कळेल. आणि बॅटरी बाहेर काढून टेबलावर सपाट ठेवा, डगडगली तर ती फुगलीये, नवीन बॅटरीचे पैसे भावातून कमी करून घ्या.